नानांसाठी भरताचा पाव

रावेरच्या स्टँडवर मला सोडायला आई एकटीच आली होती. नाना केळीची गाडी भरायला पहाटेच गेले होते. पोरगी नोकरीसाठी पुण्याला चालली म्हणून केळी काही थांबत नाहीत. आईनं धुतलेल्या फडक्यात बांधलेले पाव माझ्या हातात कोंबले आणि म्हणाली, "भुसावय येऊ दे, मग सोड. आत्ताच हात घालू नको." बस, एवढंच. रडारड वगैरे काही झाली नाही. आमच्याकडे स्टँडवर रडत नाहीत, लोक बघतात आणि गावभर सांगत सुटतात. बस निघाली आणि सावदा यायच्या आत मी फडकं सोडून बसले होते.

त्या पावात भरीत होतं. आमच्या घरात हा प्रकार रोजचा, आणि त्याला नाव असं नव्हतंच. रात्रीचं उरलेलं भरीत सकाळी पावात भरायचं, तव्यावर शेंगदाण्याचं तेल सोडायचं, पाव ठेवायचा आणि वर पाण्यानं भरलेला तांब्या दाबून ठेवायचा. खालून पाव कुरकुरीत होतो, आत भरीत पुन्हा गरम होतं आणि कांद्याच्या पातीचा वास घरभर सुटतो. नाना कामावर हेच घेऊन जायचे. बहुतेक दिवस भरीत, वांगी नसतील तेव्हा ठेचा नाहीतर शेंगदाण्याची चटणी. आई नानांच्या आधी उठायची, तांब्या दाबायची, फडक्यात बांधायची. "नंदाच्या नानाले याच्याशिवाय काम सुधरत नाही," असं ती येईल त्या पाहुणीला अभिमानानं सांगायची.

हे मी तुम्हाला सांगतेय, रावेरला राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या पुण्यात येऊन पडलेल्यांनाही. दोघांवरही माझा राग आहे. आधी पुण्यातल्यांचं सांगते.

आमच्या ऑफिसच्या खाली एक कॅफे उघडला. फळ्यावर खडूनं लिहिलेलं, 'रस्टिक खान्देशी ब्रेकफास्ट सँडविच'. मी गेले, का जाणार नाही? प्लेटमध्ये जाडजूड कडक ब्रेड, त्यावर जांभळ्या वांग्याचा गुळगुळीत लगदा, वर चीज, आणि कडेला कसलीशी तणासारखी पानं. धुराचा वास होता, पण तो म्हणे बाटलीतून येतो! बाटलीतला धूर! काउंटरवरच्या पोराला विचारलं, "हे खान्देशी कसं रे बाबा?" तर म्हणतो, "मॅडम, स्पायसी आहे ना." म्हणजे जाळ झाला की झालं खान्देशी. तिखटाच्या पलीकडे आमच्यात काही असतं हे या लोकांना कुणी सांगितलंच नाही, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी त्यावर चीजच टाकलं असतं.

आणि आपली माणसं तरी काय लायकीची आहेत? इथल्या खान्देशवाल्यांचा एक ग्रुप आहे. दर थंडीत एका लॉनवर भरीत पार्टी करतात. बायका खणाच्या साड्या नेसून, बाप्ये डोक्याला फेटे बांधून. अरे, भरीत खायला फेटा कशाला? आमच्या शेतात भरताच्या दिवशी लोक बनियनवर बसायचे. तिथं डीजे लावतात, केळीच्या पानासोबत सेल्फी काढतात, आणि वांगी भाजायला आचारी येतो तो नगरचा. वर्षातून एकदा गावी जाऊन कुलदैवताला नारळ फोडायचा आणि उरलेलं वर्ष 'आपली माती, आपली माणसं' लिहीत बसायचं. मला या लोकांची किळस येते. मी त्या ग्रुपातून तीनदा बाहेर पडले आणि प्रत्येक वेळी नवऱ्यानं मला परत घ्यायला लावलं.

नवरा सुनील, धुळ्याकडच्या शिंदखेड्याचा. आम्ही दोघं खान्देशी असूनही आमचं जुळत नाही. त्याच्याकडे अहिराणी, आमच्याकडे लेवा बोली. त्याच्याकडे भरतात काय काय घालतात ते मी इथं लिहीतही नाही, उगाच धुळ्याकडचे चिडतील. लग्नानंतर मी पहिल्यांदा भरीत केलं तेव्हा ठेचायच्या दणदण आवाजानं तो स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "हाई भरीत शे का भांडण शे?" त्याला तेव्हाच कळायला हवं होतं की दोन्ही आहे.

आता मूळ गोष्टीवर येते. आई गेल्यावर नाना रावेरच्या घरी एकटे राहत होते. मागच्या दिवाळीआधी ते न्हाणीत पडले आणि दूधवाला येईपर्यंत तसेच पडून राहिले. हाड मोडलं नाही हे नशीब. पण पुढच्या वेळी दूधवाला वेळेवर येईलच असं नाही, आणि मी त्यांची एकुलती एक. मी रजा टाकून गेले आणि त्यांना पुण्याला घेऊन आले. ते सहजासहजी आले नाहीत. आल्या आल्या पिशवी दारातच ठेवून म्हणाले, "संक्रांतीपर्यंत पाहतो. करमलं तं राहीन. नाही तं मले रावेरच्या गाडीत बसवून द्यायचं." मी हो म्हटलं, पण त्यांना परत त्या रिकाम्या घरात पाठवायचं नाही हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

आणि नाना जेवेनात. म्हणजे उपास धरला असं नाही. ताटावर बसायचे, अर्धं खायचे, "झालं बाई" म्हणायचे. गाल बसले, शर्ट खांद्यावरून लोंबायला लागला. सुनील म्हणाला डॉक्टरला दाखवू. डॉक्टर म्हणाला वय झालंय, मन रमवा. मन कशानं रमतं ते काय मला डॉक्टरनं सांगायला हवं? माणूस आयुष्यभर ज्या घासावर उठला तोच इथं नाही, तर भूक लागेल कशी? मी ठरवलं, नानांना रोज सकाळी भरताचा पाव द्यायचा. आईच्या हातचा नाही, पण तसाच.

तुम्हाला वाटेल त्यात काय एवढं. पुण्यात करून बघा! इथल्या मंडईत वांगी मिळतात ती जांभळी, बियांनी खच्चून भरलेली. भाजली की आत काळं पाणी. आमची भरताची वांगी हिरवट पांढरी, तान्ह्या पोराएवढी, कापसासारखी मऊ. ती इथं कुणाला ठाऊक नाहीत. भाजीवाल्याला वर्णन करून सांगितलं तर म्हणतो, "ताई, तो दुधी असेल." मी त्याच्याकडून तेव्हापासून काही घेत नाही.

मग चुलतभावाला फोन केला. पुंडलिक, आमच्या शेजारच्याच घरात राहतो, नानांचं घरही तोच सांभाळतो. म्हटलं, भाऊ, वांगी पाठव, पात पाठव, आणि पऱ्हाट्या पाठव. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरतात त्या वाळक्या काड्या. भरीत त्यांच्या जाळावर भाजायचं असतं, गॅसवर नव्हे. पुंडलिक हसत सुटला. "ताई, काड्या काहाले? आम्हीसुद्धा आता गॅसवरच भाजतो. पोरायले तं भरीत नकोच असतं, ते बिरेड-जाम खातात." हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे दारात काड्यांचा ढीग पडलेला आणि हे गॅसवर भाजतात! गाव सोडलं मी, आणि विसरले मात्र हे लोक. पुण्यातले फेटेवाले परवडले, ते निदान खोटं बोलून का होईना भरीत खातात.

पण पाठवल्या त्यानं. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून वांग्यांचं पोतं आणि सुतळीनं बांधलेला काड्यांचा भारा आला. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, पुण्यात सरपण मिळत नाही का?" रविवारी सकाळी मी तो भारा लिफ्टमधून गच्चीवर नेला. लिफ्टमध्ये एक तरुण जोडपं होतं, ते कोपऱ्यात असं सरकलं की जणू मी साप घेऊन चालले आहे.

गच्चीवर विटा मांडल्या, जाळ केला, वांगी ठेवली. धूर झाला. धूर होणारच! पाचच मिनिटांत वॉचमन आणि त्याच्या मागून आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी देशमाने मॅडम हजर. या जन्मानं पुण्याच्या, बोलणं असं की प्रत्येक वाक्याला इस्त्री केलेली.

"हे काय चाललंय? टेरेसवर होळी?"

"भरीत भाजतेय."

"अहो पण ओपन फायर अलाउड नाहीये. घरी शेगडी आहे ना तुमच्याकडे?"

"शेगडीवर वांगं उकडल्यासारखं होतं. माझे वडील जेवत नाहीत. त्यांच्यासाठी करतेय."

"नियम सगळ्यांना सारखे असतात हो."

"मागच्या महिन्यात तुमच्या भाचीच्या वाढदिवसाला इथंच बार्बेक्यू केलंत ना? तो काय उदबत्तीवर केला होता?"

वॉचमन तोंड फिरवून हसला. जाताना मॅडम म्हणाल्या, "बरं, आजच्या दिवस. पण काका जेवत नाहीत म्हणजे? त्यांना काय आवडतं?" मी म्हटलं, "भरीत." हे असलं विचारणं मला मुळात खपत नाही. पुण्यात माणूस दारात आला की आधी चौकशी. चहा घेणार की कॉफी, साखर किती, जेवून आलात का. आमच्याकडे कुणाला 'काय खाणार' असं विचारणं म्हणजे त्याचा अपमान. विचारायचं नाही, वाढायचं. नको म्हटलं तरी वाढायचं. ताटात हात आडवा घातला तर हाताच्या फटीतून वाढायचं. आणि खाणाऱ्यानंही ते निमूट खायचं, 'हे मला नको' म्हणायचं नाही, कारण तो करणारीचा अपमान. ही आमची रीत, आणि मला तिचा अभिमान होता.

भरीत उत्तम झालं. हिरव्या मिरच्या आणि लसूण घालून ठेचलं, पात घातली, तेलात शेंगदाणे लाल करून वरून ओतले. इथला लादी पाव गोडसर आणि पोकळ, पण त्याला इलाज नव्हता. तव्यावर ठेवून वर पाण्याचा तांब्या दाबला. वास तोच आला, अगदी तोच. मला भरून आलं. नानांसमोर ताटली ठेवली. त्यांनी पावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. दोन घास खाल्ले. "चांगलं झालं बाई," म्हणाले आणि ताटली हळूच बाजूला सारली.

मला वाटलं, काहीतरी कमी पडलं. मीठ असेल. दुसऱ्या दिवशी मिरची वाढवली. तिसऱ्या दिवशी पाव दुसऱ्या बेकरीतून आणले. मग भाकरीत दाबून दिलं. मग खोबरं घातलं, मग काढलं. वांगी पहाटे, सोसायटी उठायच्या आत गच्चीवर भाजायचे. पोतं संपलं तर पुंडलिकला सांगून दुसरं मागवलं. रोज सकाळी मी ऑफिसच्या आधी तव्यासमोर उभी, रोज नाना दोन घास खाणार आणि रोज "चांगलं झालं" म्हणणार. सुनील एकदा म्हणाला, "नंदा, आते बस कर ना. दुसरं काही तरी करी पाहा." मी म्हटलं, तुम्हा धुळेवाल्यांना काय कळतं. संक्रांत जवळ येत चालली होती आणि नाना रोज थोडे थोडे कमी होत चालले होते. मला रात्रंदिवस तेच दिसायचं, न्हाणीत पडलेले नाना आणि बाहेर कडी वाजवणारा दूधवाला.

एका शनिवारी मी बाजारातून आले तर नाना घरात नाहीत. धसकाच बसला. दार ओढलेलं, चपला नाहीत. वॉचमन म्हणाला, "आजोबा देशमाने मॅडमकडे आहेत." दुसऱ्या मजल्यावर गेले. दार उघडंच होतं. आत टेबलापाशी नाना बसले होते, समोर काचेची प्लेट, त्यात बटाट्याचं सँडविच, ते पांढऱ्या चौकोनी ब्रेडचं, जाळीच्या टोस्टरमध्ये दाबून भाजलेलं, कडेला सॉस. आणि नाना खात होते. दोन घास नव्हे, खात होते! बोटाला लागलेला सॉससुद्धा चाटला. मॅडम मला म्हणाल्या, "हे तिसरं आहे. खाली बाकावर बसले होते, मी सहज विचारलं, काका, काय खायला आवडतं तुम्हाला. तर म्हणाले, बटाटा."

माझ्या तोंडात कुणीतरी मारल्यासारखं झालं. नानांना घरी आणलं, दार लावलं आणि मग मात्र सुटले. म्हटलं, "नाना, मी पोत्यानं वांगी मागवते, गच्चीवर जाळ करते, सोसायटीशी भांडते, आणि तुम्ही त्या बाईकडे जाऊन ब्रेड खाता? माझ्या हातचं इतकं वाईट आहे?"

नाना खुर्चीवर बसले. गुडघा चोळत म्हणाले,

"तुह्या हातचं चांगलं हाय बाई. मले वांगं आवडत नाही."

"म्हणजे? कधीपासून?"

"पयलेपासून. ल्हानपनापासूनच. तोंडात गेलं की गिळगिळीत लागतं."

रावेरचा माणूस! वांग्याच्या वाफ्यात वाढलेला, आणि त्याला वांगं आवडत नाही! मी म्हटलं, "अहो, मग इतकी वर्षं? रोज सकाळी आई बांधून द्यायची, तुम्ही न्यायचे, रिकामं फडकं परत आणायचे."

"खायचो ना. कुठी फेकलं नाही कधी."

"मग तिला सांगितलं का नाही? एकदा सांगायचं होतं, नाना! ती बिचारी पहाटे उठायची."

नाना माझ्याकडे असे पाहत राहिले की जणू मीच काहीतरी अडाण्यासारखं बोलले. मग म्हणाले, "लगन होऊन आली तवा पयल्याच दिशी तिनं तेच करून देल्लं. एवढी हौसनं उभी होती दारात. म्हनली, आवडलं का? आता काय सांगू तिले? एकदा हो म्हनलो, मंग रोजच होत गेलं. ती होती तवर खाल्लं. आता कोनासाठी खाऊ?"

मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून रडले. आमच्याकडे स्टँडवर रडत नाहीत, घरात चालतं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी पुंडलिकचा फोन आला. "नाना, या आता. शेतात भरताचा बेत ठेवला हाय, सारे वाट पाहून राह्यले. गाडी पाठवतो." मी समोरच उभी होते. नाना म्हणाले, "नको रे बाबा. मी इथीच बरा हाय. घराची चावी तुह्याजवयच राहू दे." फोन ठेवला आणि मला म्हणाले, "तथी गेलो की सारं गाव वांगं वाढंन. कोनाकोनाले सांगू?"

तर रावेरकरांनो, वांगी पाठवणं बंद करा. पुंडलिकच्या पोरांना ब्रेड-जॅम खाऊ द्या, त्यांना निदान तोंड उघडून नको म्हणता येतं. आणि पुण्यातल्या फेटेवाल्यांनो, तुम्ही 'आईच्या हातची चव' म्हणून लॉनवर गळा काढता ना, एकदा घरी जाऊन बापाला विचारा त्याला ती चव आवडायची का. तुमच्यावरचा माझा राग तसाच आहे, कॅफेवाल्यावरचाही. देशमाने मॅडमवरचा तर वाढलाच आहे, कारण ती बाई आता रोज जिन्यात भेटून विचारते, "काका कसे आहेत? वजन वाढलेलं दिसतंय."

मी इतकी वर्षं समजत होते की घर म्हणजे तो पाव. माझं असेलही. भरीत मला आवडतं, अजून आवडतं, रविवारी मी एकटीच तव्यावर तांब्या दाबते आणि उभ्यानं खाते. पण नानांचं घर त्या पावात कधीच नव्हतं, दारात उभं राहून 'आवडलं का' विचारणाऱ्या बाईत होतं. ते आई गेली त्याच दिवशी मिटलं. रावेरला आता नुसत्या भिंती आहेत, आणि नाना त्या भिंतींसाठी झुरताहेत असं समजून मी त्यांना रोज सकाळी नावडता घास भरवत होते.

जाळीचा टोस्टर आणला आहे. भंगार वस्तू आहे ती, ब्रेड चिकटतो आणि घासताना जीव जातो. पांढरा चौकोनी ब्रेडही घरात येतो, ज्याला मी आजवर हात लावला नव्हता. रोज सकाळी कुकरमध्ये बटाटे लावते, सोलताना चटके बसतात, तोंडानं शिव्या चालूच असतात. नाना टेबलापाशी येऊन बसतात, दोन संपवतात आणि मी न विचारता तिसरं वाढायला गेले की ताटलीवर हात आडवा धरून मोठ्यानं सांगतात, "नको."